घोंगडीआडचे डोळे

दिवाळीच्या पाडव्याला कोवळ्या उन्हात ढोल घुमायला लागले आणि धुळाप्पानं भंडाऱ्याची परात उचलली. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" म्हणत त्यानं भंडारा (देवाला वाहायची हळद) असा मुठी भरभरून उधळला, की माळावरचा सगळा कळप बघता बघता सोन्याचा झाला. पाठी पिवळ्या, कान पिवळे, शेपट्या पिवळ्या. एक मेंढी शिंकली तर तिच्या नाकातूनही पिवळा ढग निघाला! बाया हसल्या, पोरं नाचली.

एकटी मायाक्का तेवढी डोक्याला हात लावून मटकन खाली बसली.

"सणासुदीचं तोंड का पाडलंस गं?" धुळाप्पानं लेकीला विचारलं.

"आप्पा, तुम्ही माझा अख्खा प्रयोग हळदीत बुडवलात! माझ्या खुणा पण हळदीच्याच होत्या. आता औषध कुणाला दिलं आन् कुणाला न्हाय, कसं कळायचं?"

धुळाप्पाचा हात परातीतच राहिला. खरंच की! पिवळ्या कळपात पिवळी खूण शोधायची तरी कशी?

हे कोडं नीट कळायला आपल्याला एक महिना मागं जायला हवं.

तेव्हा मायाक्काची लाडकी मेंढी गौळण चरताना मागं पडू लागली होती. तिच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबावी तशी सूज आली होती. दुकानातलं जंतांचं औषध दोनदा पाजून झालं, तरी उतार नाही. कळपातल्या बऱ्याच जणींची तीच गत. आणि पाडवा झाला की कळपाला घाट उतरून कोकणाकडं चालत जायचं होतं, कारण माळावर पुढं चारा नसतो. ज्या मेंढ्यांना ती चाल झेपणार नाही त्या बाजारात विकायच्या, असं धुळाप्पानं सांगून टाकलं होतं. त्यात पहिलं नाव गौळणीचं.

मायाक्का रडत आज्जाकडं पळाली. आज्जा म्हणजे धुळाप्पाचे वडील, डॉक्टर सिदराम. जनावरांच्या पोटातल्या जंतांवर त्यांनी आयुष्यभर संशोधन केलं होतं. आता गावी परतल्यावर दर एकादशीला ते बिरोबाच्या देवळात कीर्तन करत. मागं टाळ धरायला असायचा लेंडूराव. हा उन्हावर चालणारा, चार पायांचा, दोन हातांचा बोलका रोबो. दिवसभर कळपामागं हिंडून लेंड्या वेचायच्या आणि पोटातल्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांतली जंतांची अंडी मोजायची, हे त्याचं काम. संध्याकाळी मात्र तो हात धुऊन असा टाळ वाजवायचा, की ऐकणाऱ्यांच्या माना आपसूक डोलायच्या.

"आज्जा, औषध लागू का पडत न्हाय?"

"बस. कीर्तनात आधी पूर्वरंग असतो, त्यात तत्त्व सांगायचं. मग उत्तररंग, त्यात गोष्ट." आज्जांनी घसा साफ केला. "जंत पोटात बसून गौळणीचं रक्त पितात. अंगातलं रक्त कमी झालं, म्हणजे रक्तक्षय झाला, की पापणीची आतली लाल बाजू फिकट पडते. त्या जंतांची अंडी लेंडीतून बाहेर येतात. अंड्यांतून अळ्या निघतात, दवाच्या ओलीनं गवताच्या पात्यावर चढून बसतात, आणि मेंढी नेमकं तेच पातं खाते."

"म्हंजे पुन्हा पोटात?"

"पुन्हा पोटात! आता औषधाचं ऐक. एकच औषध आपण वर्षानुवर्षं पाजलं. बहुतेक जंत मेले, पण थोडे चिवट निघाले. त्यांची पिल्लंही चिवट. होता होता सगळी चिवटांचीच वस्ती झाली. याला म्हणतात औषधरोध (औषधाला दाद न देण्याची ताकद). झाला पूर्वरंग."

"आन् उत्तररंग?"

"तो आपण दोघांनी करायचा. जुनी माणसं जंतांवर पळसाच्या बिया द्यायची. देवानं त्या बीमध्ये काय ठेवलंय, ते शोधणं ही माझी पूजा आहे, बाय."

आज्जांनी बिया वाळवल्या, कुटल्या, पाण्यात भिजवल्या, गाळून मंद आचेवर आटवल्या. तो झाला अर्क (वनस्पतीतले गुण उतरवून घेतलेला रस). "पण हे सरबत नव्हे हां," त्यांनी बजावलं. "जास्त झालं तर अपाय करतं." म्हणून प्रत्येक मेंढीचं वजन करून लेंडूरावानं मात्रा (किती द्यायचं ते प्रमाण) ठरवली.

"सगळ्यांनाच पाजूया की!" मायाक्का म्हणाली.

"आणि सगळ्या बऱ्या झाल्या, तर त्या अर्कानं झाल्या की हवा पालटली म्हणून, हे कसं सांगशील? अर्ध्यांना अर्क द्यायचा, अर्ध्यांना नुसतं गुळाचं पाणी. हा दुसरा गट म्हणजे तुलनागट, ज्याच्याशी ताडून बघायचं तो."

लेंडूरावानं चिठ्ठ्या काढल्या. गौळणीच्या वाट्याला गुळाचं पाणी आलं.

मायाक्कानं आज्जांचा हात धरला. "आज्जा, तेवढी एकच चिठ्ठी बदल की रं!"

"एक बदलली तर बाकीच्या कशाला काढल्या?" आज्जांनी तिला जवळ घेतलं. "मी रोज तिची पापणी बघीन. फिकटाची पांढरी व्हायला लागली, तर प्रयोग राहू दे बाजूला, त्याच घटकेला अर्क पाजीन. बिरोबाची आण."

रंगानं लोकर खराब होते, म्हणून अर्क घेतलेल्या मेंढ्यांच्या कपाळावर मायाक्कानं हळद-तेलाचा टिळा लावला. आणि तिथून बापलेकीची जुंपली.

"बघा आप्पा, टिळ्याची मेंढी! कशी लालचुटुक पापणी झालीय!"

"कुठं लाल? ताकासारखी तर दिसतीय. बियांचं पाणी पाजून जंत मेले असते, तर दुकानदारांनी काय माशा मारल्या असत्या?"

मेंढी तीच, पापणी तीच, पण दोघांना दिसायचे दोन रंग. आज्जा नुसते मिशीत हसायचे.

आणि आता पाडव्याला भंडाऱ्यानं सगळे टिळेच गिळले होते. गडबड ऐकून आज्जा आले. पिवळ्याधमक कळपाकडं बघून त्यांना इतकं हसू आलं, की डोक्यावरची टोपी खाली पडली.

"अरं धुळ्या, आपल्या घरात मी शास्त्रज्ञ, आणि हे मला सुचलं नाही, बिरोबाला सुचलं! त्यानं भंडारा मेंढ्यांवर नाही टाकला, तुम्हा दोघांच्या डोळ्यांवर टाकला!"

"म्हंजे?" दोघं एकदमच म्हणाले.

"टिळा दिसला की हिला लाल दिसायचं आणि तुला पांढरं. तुम्ही पापणी बघतच नव्हतात, मनातलं बघत होतात. बघणाऱ्याला कुणाला काय दिलंय हे ठाऊकच नसेल, तेव्हा खरं दिसतं. याला अंध चाचणी म्हणतात. धुळ्या, आज तू बघ. सगळ्या मुलखात तुझ्यासारखी नजर नाही."

"कोणत्या मेंढीला काय दिलं, ते माझ्या स्मरणात आहे, कुणी विचारलंच नव्हतं," लेंडूराव अदबीनं म्हणाला. "सांगू का?"

"गप! आधी पापण्या, मग तुझं पुराण."

"पन आज्जा," मायाक्का कुजबुजली, "आप्पा तोंडावरनं एकूणएक मेंढी वळखतात. गौळणीला गूळपाणी मिळालं, ते त्यांना ठावं हाय."

आज्जांनी खांद्यावरची जुनी घोंगडी काढली. मधोमध तिला एक भोक होतं, बरोबर मेंढीच्या डोळ्याएवढं. "धरा रं अंतरपाट!" ते ओरडले. "फक्त मंगलाष्टकं म्हणू नका!"

सगळा माळ हसला. दोघा गड्यांनी लग्नातल्या अंतरपाटासारखी घोंगडी ताणून धरली. पलीकडं धुळाप्पा मांडी घालून बसला. अलीकडं मायाक्का एकेका मेंढीचं डोकं भोकाशी धरायची आणि खालची पापणी हलकेच ओढायची.

"लाल," पलीकडून आवाज यायचा. "फिकट. लाल. लाल. फिकट." लेंडूराव लाल पापणीच्या मेंढ्या एका जाळीच्या वाड्यात सोडायचा, फिकट पापणीच्या दुसऱ्यात.

मग गौळणीची पाळी आली. तिनं मायाक्काचा तळहात चाटला. मायाक्काच्या मनात आलं, दुसऱ्याच मेंढीचा डोळा लावला तर? कुणाला कळणार? तिनं आज्जाकडं बघितलं. आज्जा दुसरीकडंच बघत होते. मायाक्कानं गौळणीचाच डोळा भोकाशी धरला.

"फिकट," पलीकडून आवाज आला.

शेवटची मेंढी झाली. "लेंडूराव, घे टाळ," आज्जा म्हणाले. "अर्क मिळालेल्या मेंढीपाशी वाजव, बाकीच्यांपाशी गप्प."

लेंडूराव लाल वाड्यात शिरला. छन्! छन्! छन्! छन्! टाळ थांबेच ना. दोनच मेंढ्यांपाशी तो मुका राहिला. मग तो फिकट वाड्यात गेला. शांतता. एक छन्. पुन्हा शांतता. शेवटाकडं आणखी एक छन्, बस्स.

"दोन्ही वाड्यांत दोन-दोन मेंढ्या उलट निघाल्या," आज्जा मोठ्यानं म्हणाले. "तेही सांगायचं, लपवायचं नाही. लेंडूराव, अंडी?"

"अर्क घेतलेल्यांच्या लेंड्यांत निम्म्याहून कमी आहेत. जंत संपलेले नाहीत, पण पुष्कळ घटले आहेत."

सगळ्यांच्या नजरा धुळाप्पाकडं वळल्या. तो घोंगडीच्या भोकात बोट फिरवत बसला होता.

"माझ्याच तोंडानं वदवून घेतलं की बिरोबानं," तो हळूच म्हणाला. मग ताडकन उठून वडिलांकडं वळला. "आबा, कुठंय ते पातेलं? कुणालाच बाजार न्हाय दाखवायचा. पैली गौळण!"

"पहिला मान तिचाच," आज्जा म्हणाले. "ती अर्काविना राहिली, म्हणून तर कळलं बाकीच्यांना गुण कशानं आला. निम्मं शास्त्र या बाईनं गूळपाणी पिऊन सिद्ध केलंय!"

धुळाप्पानं मात्रा मोजून घेतली आणि बांबूच्या नळीनं स्वतःच्या हातानं गौळणीला अर्क पाजला. मायाक्का हसत होती आणि डोळेही पुसत होती. तिच्या गालांवर भंडाऱ्याचे दोन ओघळ उमटले.

घाट गौळण चालली नाही. लेंडूरावाच्या पाठीवरच्या टोपलीत बसून, पाटलिणीसारखी चौफेर बघत ती खाली उतरली. वाटेत नवा रिवाज सुरू झाला: दव सुकल्याशिवाय कळप चरायला सोडायचा नाही.

खाली, भात कापलेल्या एका मळ्यात कळप बसला असताना एके सकाळी धुळाप्पानं हाक मारली, "मायाक्के, ती भोकाची घोंगडी आण."

"आता कशाला, आप्पा? गौळण तर समोरच हाय."

"म्हणून तर आण. आता मलाही ती बरी झालेली बघायची हाय. माझ्या डोळ्यांचा काय भरवसा? दोन-चार जणींत मिसळून दाखव."

घोंगडी धरली गेली. एक डोळा आला. दुसरा आला. तिसऱ्याला धुळाप्पा जरासा थांबला, आणि मग त्याचा आवाज मळाभर घुमला, "लाल! चांगली कुंकवासारखी लाल!"

कुणी न सांगताच लेंडूरावाचा टाळ वाजला. छन्!

गौळण टुणकन उडी मारून कळपात पळाली. मायाक्कानं बांधावरच्या बाभळीची एक शेंग तोडली, उन्हात धरून निरखली आणि खिशात टाकली.

"हिच्यात काय ठेवलं असंल गं देवानं?" धुळाप्पानं विचारलं.

"बघू की," मायाक्का म्हणाली. "फक्त औंदासारखा भंडारा पुढच्या पाडव्याला पण उधळा. एक चिमूट सुदिक कमी करू नका!"