तिसऱ्या वर्षाचा झगा

"कार्निव्हल होईपर्यंत तरी नको घेऊस ना गं गोळ्या, ताई!" हेर्मानने बहिणीच्या हातातली पट्टी हिसकावूनच घेतली... आणि निल्दाला रागसुद्धा आला नाही!

त्यांच्या आईने, साबिनाबाईंनी, सोकावोनच्या चर्चमधल्या मेरीमाउलीला नवस केला होता: सलग तीन वर्षं कार्निव्हलला माउलीसाठी निल्दाच्या हातचा जरीचा झगा. पहिल्या वर्षी अख्खं ओरुरो गाव थक्क झालं. दोन तास झोपून निल्दा टवटवीत उठायची, गात-बडबडत चार कामं एकदम ओढायची, सुई म्हणून थांबत नव्हती! "माउलीचा हात फिरलाय पोरीवर," आई शेजारणींना मक्याची गरम आपी पाजत सांगायची. डॉक्टरीणबाई मात्र म्हणाल्या, "हा सौम्य उन्माद. आनंदाचं सोंग घेऊन येतो, म्हणून घरच्यांना आजार वाटत नाही." आणि घरच्यांना खरंच वाटला नाही! पुढे जूनमध्ये, तिकडच्या ऐन हिवाळ्यात, ती भिंतीकडे तोंड करून पडली, केसांच्या जटा झाल्या, तेव्हा "दमलीय बिचारी" म्हणून सगळ्यांनी दार लोटून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या सुरू केल्या, तरी दुसऱ्या वर्षीही तेच झालं.

यंदा कार्निव्हल तीन आठवड्यांवर आला होता अन् झगा अर्धाच. सुई चालत होती, पण लाल रेशीम काय नि निळं काय, गोळ्यांनी बधिरलेल्या तिच्या मनाला दोन्ही सारखीच.

"असा ठोकळा होऊन बसलीस तर नवस मोडेल गं! आई खचून जाईल..."

"ठेव गोळ्या तुझ्याकडे," निल्दा म्हणाली. "गेल्या वर्षीही मी बंद केल्याच होत्या. आईच्या नवसासाठी. कुणाला बोलले नाही एवढंच."

दारात उभ्या असलेल्या आईच्या हातातला पेला लवंडला.

"जाणूनबुजून? ते जूनभर पडून राहणं... माझ्या नवसापायी?"

"हो, आई."

"अगं, अन् मी मेली गावभर मिरवत होते!"

आईने हेर्मानकडून पट्टी काढून निल्दाच्या हातात कोंबली, झगा मांडीवर ओढला आणि मोतीबिंदूच्या डोळ्यांनी टाके घालायला बसली.

"आई, वाकडं जातंय. लोक हसतील," हेर्मान पुटपुटला.

"हसू दे मेल्यांना! माउलीला वाकडे टाके चालतील. मला माझी पोर तशी पडलेली चालायची नाही!"

हेर्मान खाली मान घालून पाणी घेऊन आला. "चुकलो गं, ताई."

निल्दाने गोळी गिळली. अशा वेळी रडू यायला हवं, हे तिला कळत होतं, आलं नाही. आईने सुई बाजूला ठेवली, तिचं डोकं छातीशी धरलं आणि एकटीच दोघींच्या वाटचं रडली.