दूध वेगळं द्या

सांगलीत विश्रामबागेतल्या त्या कॉफीच्या दुकानातली मेनूची पाटी काढून टाकली, त्याला दोन वर्षं झाली होती. भिंतीवर तिच्या जागी एक फिकट चौकोन तेवढा उरला होता. पूर्वी तिथे एस्प्रेसोपासून लातेपर्यंत सात-आठ नावं असत आणि गिऱ्हाईक बराच वेळ त्यांच्याकडे बघून शेवटी शेजारच्या टेबलावर आलं असेल तेच मागवत असे. आता कुणी काही मागवत नसे. टेबलावर चमचा यायचा, तो जिभेवर ठेवून मनात पाच आकडे मोजायचे, आणि चमचा सांगेल ती कॉफी प्यायची.

हेमलता आवटी या चमच्यासाठीच आल्या होत्या. वय बासष्ट, भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. समोर बसलेले उदय चौगुले आयटीआयमध्ये मुलांना फिटरचं काम शिकवून निवृत्त झालेले. बायको गेल्यापासून तेही एकटेच. ज्येष्ठांच्या एका मंडळात ओळख झाली, चार भेटी झाल्या आणि गेल्या आठवड्यात चौगुल्यांनी सरळ विचारलं, उरलेली वर्षं एकत्र काढायची का. हेमलताबाईंनी आज संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली होती.

माणूस चांगला होता, त्याबद्दल शंका नव्हती. अडचण अशी की हेमलताबाईंना आयुष्यभर एकच उत्तर देता येत आलं होतं: काहीही चालेल. चहा की कॉफी? काहीही चालेल. खिडकीशी बसता का? कुठंही चालेल. वडिलांनी स्थळ दाखवलं तेव्हाही त्या हेच म्हणाल्या होत्या आणि पुढे बत्तीस वर्षं ते चालवून घेतलं होतं. आता चौगुल्यांसाठी होकार अगदी ओठांवर आला होता, पण तो खरा होकार की तेच जुनं ‘चालेल’, हे त्यांचं त्यांनाच कळेना. जिला कुठली कॉफी हवी ते सांगता येत नाही, तिनं माणूस कसा निवडावा? निदान कॉफीपुरतं तरी आपल्याला काय हवं असतं ते एकदा कळू दे, म्हणून त्या आल्या होत्या. चौगुल्यांना मात्र “नवीन काहीतरी आहे, बघू या,” एवढंच सांगितलं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवायची खोड जुनीच.

दुकान चालवणारी सानिका ट्रे घेऊन आली. ट्रेमध्ये चिनी मातीचे दोन पांढरे चमचे होते.

“काकू, पहिल्यांदाच ना? ह्याच्या खोलगट भागात कडू, गोड, आंबट अशा चवींचे बारीक कण आहेत. ते लागले की जिभेच्या नसा आत निरोप पाठवतात. चमचा तो निरोप मध्येच वाचतो. लाळही तपासतो. त्यावरून यंत्र दूध किती, फेस किती, गरम किती ते ठरवतं. खालची कॉफी सगळ्यांना एकच असते. फरक सगळा दुधाचा.”

“आणि चमचा चुकला तर?” चौगुल्यांनी विचारलं. यंत्र दिसलं की फिटरला पहिला प्रश्न हाच सुचतो.

“अजून तरी चुकला नाही, काका.”

हेमलताबाई चष्म्यासाठी पर्समध्ये वाकल्या. मान वर केली तेव्हा चौगुले हेमलताबाईंचा चमचा त्यांच्यापुढे धरून बसले होते. बाईंनी तो घेतला, जिभेवर ठेवला आणि शाळेत हजेरी घ्यावी तितक्या गांभीर्यानं पाच मोजले.

चौगुल्यांना लाते आली, मोठ्या कपात, दुधानं काठोकाठ. हेमलताबाईंचा कप जरा लहान होता. “फ्लॅट व्हाइट,” सानिका म्हणाली. “कॅपुचिनोपेक्षा फेस कमी, लातेपेक्षा दूध कमी.”

त्यांनी घोट घेतला. कडवटपणा होता, पण दुधानं त्याला सांभाळून घेतलं होतं. आणखी एक घोट घेतला.

“मला हे आवडतं,” त्या म्हणाल्या. असं वाक्य आपल्या तोंडून शेवटचं कधी निघालं होतं ते त्यांना आठवेना. त्यांना इतका आनंद झाला की संध्याकाळची वाट न बघता आताच उत्तर देऊन टाकावं असं वाटलं. त्यांनी कप खाली ठेवला.

तेवढ्यात सानिका परत आली. चेहरा कसनुसा झालेला.

“सॉरी काकू. यंत्रानं आत्ता शेरा दिलाय. तुमच्या चमच्यावर दोन जिभा आहेत.”

“म्हणजे?”

“दोन माणसांची लाळ. यंत्रानं दोघांची सरासरी काढून कॉफी दिली. काका, तुम्ही काकूंचा चमचा तोंडाला लावला होता का?”

“छे, मी कशाला लावू?” चौगुले म्हणाले. “नुसता उचलून दिला.”

सानिकानं नवा चमचा आणून टेबलावर ठेवला. चौगुल्यांनी तो उचलला, हेमलताबाईंना द्यायला हात पुढे केला, आणि वाटेतच तो हात वळून त्यांच्याच ओठांकडे गेला. चमचा ओठाला टेकला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. ते तसेच थांबले. कानापर्यंत लाल झाले.

“माफ करा मॅडम,” ते म्हणाले. “माझ्या बायकोला, सुनंदाला, अर्धांगवायू झाल्यावर नऊ वर्षं मीच भरवत होतो. तिला भाजलं तरी सांगता यायचं नाही. म्हणून आधी ओठाला लावून बघायचो. जित्याची खोड, दुसरं काय. तुम्हाला उष्टा चमचा दिला मी.”

उष्टं हेमलताबाईंना नवीन नव्हतं. नवऱ्याच्या आणि लेकीच्या ताटात उरलेलं त्या वर्षानुवर्षं खात आल्या होत्या. दूध कढत तर नाही ना, आमटी खारट तर नाही ना, हे त्यांनी सगळ्यांसाठी बघितलं होतं. खुद्द त्यांना भाजेल म्हणून कुणी आधी ओठ लावून बघितलं असेल तर ते आईनं, आणि तेही त्यांना आठवत नव्हतं. डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

पण मन खट्टूही झालं. जन्मात एकदा ‘मला आवडतं’ म्हणाल्या, आणि त्यातही निम्मी आवड दुसऱ्याची निघाली.

“मला परत करू दे,” त्या म्हणाल्या. सानिकानं तिसरा चमचा आणला, तो त्यांनी ट्रेमधून स्वतः उचलला.

या वेळी आली ती एस्प्रेसो. बोटभर उंचीचा कप, दुधाचा थेंब नाही. एवढंसं पाणी आणि एवढा कडूपणा. त्यांनी तोंड वाकडं केलं, मग जीभ टाळूला लावली, मग पुन्हा कप उचलला. आवडलं होतं. वर्गातल्या छत्तीसच्या छत्तीस मुलांची हजेरी घेऊन झाल्यावर कुणीतरी शेवटी त्यांचं नाव घेतल्यासारखं वाटलं. आणि लगेच भीती वाटली.

“म्हणजे मला एकटं राहणंच बरं वाटतं, असा अर्थ झाला का?” त्यांनी सानिकाला विचारलं.

“चमच्याला फक्त जिभेचं कळतं, काकू.”

चौगुले कपाच्या कानाशी चाळा करत होते. “तुम्ही आज इथं का आलात ते मला आता थोडं थोडं कळतंय,” ते म्हणाले. “मग हीच घ्या. माझ्यासाठी म्हणून दूध घालून घेऊ नका. सुनंदानं आयुष्यभर माझ्या आवडीची दुधाळ कॉफी प्यायली. तिला कुठली आवडते ते विचारायचं मला सुचलं, तेव्हा तिची वाचा गेली होती.” त्यांनी आपली लाते बाजूला सारली. “तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. नुसतं चालेल म्हणू नका.”

हेमलताबाईंनी आपल्या दोन्ही कपांकडे बघितलं. फ्लॅट व्हाइट निवत आली होती.

“सानिका, चमच्याशिवाय मागता येतं का गं?”

“तोंडानं?” सानिका गोंधळली. “यंत्रात जुनं बटण आहे. पण कुणी मागतच नाही.”

“मग मी सांगते. अजून एक एस्प्रेसो. आणि दूध वेगळं दे, छोट्या भांड्यात. घालायचं तेव्हा मी घालीन.”

सानिकाला ते बटण सापडायला पाच मिनिटं लागली. कप आला, शेजारी वाफाळतं दूध आलं. हेमलताबाईंनी अर्धी कॉफी तशीच काळी प्यायली, सावकाश, एकटीनं. मग उरलेल्या अर्ध्या कॉफीत हळूहळू दूध ओतलं. घोट घेऊन बघितला, आणखी थेंबभर घातलं. पुन्हा ओठ लावला. फार गरम नव्हती.

त्यांनी कप चौगुल्यांसमोर सरकवला.

“उष्टी आहे,” त्या म्हणाल्या. “तुमच्या लातेपेक्षा कडूही आहे, आणि यापुढेही राहील.”

चौगुले कपाकडे बघून म्हणाले, “मला काय मॅडम, मला काहीही चा—”

“चौगुले सर,” हेमलताबाई म्हणाल्या, वर्गात म्हणायच्या तशा, “ते उत्तर नव्हे. हवी की नको?”