पांढऱ्या कमळावरची लाली

मुलीला एकच फोटो हवा होता. आईला जाऊन वर्ष होईल त्या दिवशी बैठकीच्या खोलीत लावायला, त्या सकाळचं पांढरं कमळ.

"बाबा, आईनं डोळे भरून पाहिलेलं शेवटचं फूल ते. द्या ना शोधून."

"शोधतो," असं तो महिनाभर म्हणत राहिला. खरं तर शोधायचं काहीच नव्हतं. फोटो कुठे आहे ते त्याला नेमकं ठाऊक होतं. तो उघडण्याची छाती होत नव्हती. शेवटी त्यानं सोपी वाट काढली. कमळं काय, दर उन्हाळ्यात फुलतात. नवा फोटो काढायचा आणि तोच जुना म्हणून द्यायचा. एक खोटं पचलं होतं, दुसरंही पचेल.

पहिलं खोटं छत्रीचं होतं. "छत्री घरीच विसरली ती," असं त्यानं आधी डॉक्टरांना सांगितलं, मग मुलीला. मुलगी रडत म्हणाली होती, "मी फोनवर आठवण करून द्यायला हवी होती. नेहमी करून द्यायचे, त्याच दिवशी राहिली." त्यानं तिच्या पाठीवर हात फिरवला होता, पण खरं सांगितलं नव्हतं. बायकोचे कपडे न्यायला हॉस्पिटलमधून घरी आला, तेव्हा मधल्या खोलीच्या दारामागे, खुंटीवर, ती लाल छत्री त्यानंच अडकवली होती.

पाणथळीवर तो उजाडताना पोचला. होडीवाला तोच होता, हडकुळा, बांबूला टेकून उभा.

"बाई नाही आल्या? त्या दिवशी पार कोमेजल्या होत्या हो. मी म्हटलं, साहेब, काठाला घेऊ. तुम्ही म्हणालात, दोन मिनिटं."

"गेली ती. तिसऱ्या दिवशी. उष्माघातानं."

होडीवाल्यानं बांबू रोवून होडी काठापासून ढकलली. बांबूचा आवाज येत राहिला, चिखलात रुतण्याचा आणि सुटण्याचा.

"तुमच्या दोन मिनिटांत माझं दूध तीनदा उतू जातं," असं बायको म्हणायची. तरीही प्रत्येक वेळी होडीत त्याच्या मागे बसायची आणि छत्री धरायची, अर्धी स्वतःवर, अर्धी त्याच्यावर. त्या दिवशी छत्रीचा लाल रंग फुलाच्या पांढऱ्या पाकळ्यांवर उतरला होता. "मीट ना जरा ती, दोन मिनिटं," तो वळूनही न पाहता म्हणाला होता. तिनं मिटली. मग कमळावर पक्षी यायची वाट पाहण्यात दुपार झाली.

नऊच्या सुमाराला ऊन टोचू लागलं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. तापल्या चिखलाचा आंबूस वास पाण्यावर दाटला होता. एका रुंद पानावर कमळपक्षी दोन्ही पंख पसरून उभा होता, चोच उघडी, धापा टाकत.

"अंड्यांवर सावली धरतोय," होडीवाला हळूच म्हणाला. "नर आहे तो. यांच्यात सगळं बापच करतो."

त्यानं कॅमेरा दुसरीकडे वळवला. हवं तसं कमळ समोरच होतं, नुकतं उमललेलं, पांढरंशुभ्र. त्यानं तीन फोटो काढले आणि पडद्यावर पाहिले. पाकळ्यांच्या कडा लालसर दिसत होत्या. त्यानं लेन्स पुसली, जागा बदलली, पुन्हा काढले. लाली आता पाकळीच्या मध्यापर्यंत चढली होती. फुलाखालच्या पाण्यात एक लाल गोल डुलत होता.

आणि मग त्याच्या लक्षात आलं की, आपली मान भाजत नाहीये. गुडघे भाजत होते, हाताची कातडी चरचरत होती. मानेवर मात्र गार सावली होती.

मागे वळायला हवं होतं. पण प्रकाश सुरेख होता, फूल तासाभरात मिटायला लागणार होतं, आणि तीस वर्षांची सवय भीतीच्याही आधी धावली.

"अगं, मीट ना जरा ती. दोन मिनिटं."

मागे बारीकसा आवाज झाला... खट्.

पाण्यातला लाल गोल आवळत गेला आणि नाहीसा झाला. मानेवर ऊन चटकन पडलं. त्याच्या बोटानं बटण दाबलं होतं. पडद्यावरचं कमळ दुधासारखं निर्मळ होतं.

बांबू थांबला होता. "साहेब," होडीवाल्याचा आवाज जेमतेम ऐकू आला, "कोणाला... सांगितलंत?"

"काठाला घ्या," तो म्हणाला. "आत्ता. लगेच घ्या."

वर्षभर उशिरानं तो हे म्हणत होता.

दुपारी घरी आला तेव्हा मुलगी येऊन बसली होती. तिनंच कॅमेरा त्याच्या हातातून घेतला, शेवटचा फोटो पाहिला आणि तिचा चेहरा उजळला.

"सापडला! हाच ना तो? किती शांत आहे हो बाबा. हाच लावू."

नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

"नाही," तो म्हणाला. "आजचा आहे." आणि मग जमिनीकडे पाहत त्यानं सगळं सांगितलं. छत्री विसरली नव्हती. मी मिटायला लावली. तिनं पाणी मागितलं, तेव्हाही मी थांब म्हणालो. फोनवर आठवण करून द्यायची राहिली म्हणून तू वर्षभर जे मनाला लावून घेतलंस, ते माझं होतं.

मुलगी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली आणि मधल्या खोलीत गेली. त्या खोलीला खिडकी नव्हती. भर उन्हाळ्यातही तिथली फरशी गार असायची. दार ओढल्याचा आवाज आला, खुंटीवरून काही काढल्याचा आला, आणि लगोलग ते जमिनीवर पडल्याचा.

"बाबा..."

ती उंबऱ्यात उभी होती, उजव्या हाताचा तळवा डाव्या हातात घट्ट धरून.

"छत्री कोणी उन्हात ठेवली होती का? हात लावता येत नाहीये तिला..."