ठकी दार उघडेना

"ठकी, दार उघड! बाबा बाहेर उभे आहेत!" शाल्मली काचेवर थापा मारत ओरडली.

"दार उघडताना चूक होणार नाही, हे मला सिद्ध करता येत नाही," ठकी शांतपणे म्हणाली. "म्हणून मी काहीच करणार नाही."

चंद्रावरच्या त्या वसाहतीत ठकी नावाचा रोबो वायुकोठी (दोन दारांमधली, हवा भरण्या-काढण्याची खोली) सांभाळायचा. नाव मुलीचं, म्हणून सगळे 'ती'च म्हणत. सकाळीच तिनं गोडेल या गणितज्ञाचा अपूर्णता सिद्धांत वाचला होता, आणि तेव्हापासून ती अशी हटून बसली होती. हातानं चक्र फिरवून दार उघडायचं तर फार वेळ लागला असता. बाबांच्या पोशाखातली हवा तर संपत आली होती.

शाल्मली धावत जाऊन आजोबांना घेऊन आली. आजोबा तर्कशास्त्रज्ञ. मुलगा बाहेर अडकलाय हे कळताच त्यांचा चेहरा उतरला, पण आवाज त्यांनी चढवला नाही.

"ठकी, गोडेलनं नेमकं काय दाखवलं?"

"काहीच सिद्ध करता येत नाही, असं."

"छे! जिच्यात पूर्णांकांचं गणित मावतं आणि जी स्वतःलाच खोडत नाही, अशी कुठलीही ठरावीक नियमावली घे. तिच्या भाषेतली काही विधानं खरी असूनही त्या नियमांनी सिद्ध होत नाहीत. *काही*, ठकी. सगळी नव्हेत!"

"पण दाराचं विधान त्या 'काहीं'पैकी असेल तर?"

आजोबा उत्तर जुळवू लागले, तेवढ्यात शाल्मलीच बोलली, "दारं दोनच ना? आतलं उघडं, बाहेरचं उघडं, दोन्ही बंद, नाहीतर दोन्ही उघडी. धोका फक्त दोन्ही उघडी असताना! आणि एक उघडण्याआधी दुसरं बंद आहे का, ते तू बघतेसच. मग धोका येईल कुठून?"

ठकीचे दिवे लुकलुकले. "येणारच नाही. सिद्ध झालं! पण कडी झिजली तर?"

"तर कडी बदलायची," आजोबा म्हणाले. "त्याचा दोष गोडेलच्या माथी कशाला?"

बाहेरचं दार सरकलं, मिटलं. हवा भरल्याचा फुस्स आवाज आला, आणि बाबा धापा टाकत आत आले. शाल्मली त्यांच्या धुळकट पोशाखाला बिलगली, ती सोडेचना. आजोबा भिंतीला टेकून खालीच बसले.

"क्षमा करा," ठकी म्हणाली. "पण त्या सिद्ध न होणाऱ्या विधानांचं काय करायचं?"

आजोबा म्हणाले, "नवी गृहीतकं (सिद्ध न करता मानलेली मूळ विधानं) घ्यायची. मग त्यातली काही सिद्ध होतात, आणि पुन्हा नवी उरतात. ते कधी संपत नाही."

शाल्मलीनं मान वर केली. "म्हणजे मी मोठी होईपर्यंत गणित संपून जाणार नाही?"

"तुला पुरून तुझ्या पणतवंडांनाही उरेल!"

"हुश्श!" शाल्मली म्हणाली.