मुटालेची राहिलेली थट्टा

मुलांनो, जरा डोळे मिटा.

सूर्य नुकताच बुडालाय. समोर लुआंग्वा नदी, रुंद आणि संथ. काठावर बोरूच्या भिंतींच्या पाच झोपड्या, मागं चूल. पाण्यात पाणघोडे हुंकारतायत.

दिसलं? आता ऐका. यातला शब्दन् शब्द खरा आहे, कारण मी तिथं होतो. नदीकडे पाठ करून मी आजही बसत नाही.

माझी बहीण एस्नात जंगल बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या त्या कॅम्पवर स्वयंपाक करायची. तिची लेक थेम्बी नऊ वर्षांची. कॅम्पची होडी मुटाले चालवायचा.

आम्ही न्गोनी जमातीचे, तो बेम्बा जमातीचा. आमचे पणजोबा एकमेकांशी लढले आणि मग ठरलं, इथून पुढं फक्त थट्टा. भेटलं की टोमणा मारायचाच: त्यांनी आम्हाला उंदीरखाऊ म्हणायचं, आम्ही त्यांना माकडखाऊ. राग धरायचा नाही.

जेवणाआधी सगळ्यांच्या हातावर पाणी घालायचं काम सगळ्यात लहानाचं, म्हणजे थेम्बीचं. मुटाले हात पुढे करून म्हणायचा, "काय गं उंदीरखाऊ, पाण्यात शेपटी नाही ना?"

"तुझ्या ताटात माकडाची आहे, ती बघ आधी!"

तो पोट धरून हसायचा.

एका ऑक्टोबरात पाणघोड्यानं होडी उलटवली. मुटाले सापडलाच नाही.

बेम्बा वारला की न्गोनींनी मयताजवळ उभं राहून त्याची भरपूर टर उडवायची, ही आमची रीत. त्याशिवाय तो हसत जात नाही. पण इथं मयतच नव्हतं. टर कुणाची उडवणार? एस्नात नुसती रडली. आम्हीही गप्प राहिलो.

ती आमची चूक.

तिकडं पाऊस नोव्हेंबरात लागतो; तेव्हा कॅम्प मोडला, मे महिन्यात नवा बांधला. दरवर्षी तसंच करतात. ऑगस्टच्या सुट्टीत मी शिकवतो ती शाळा बंद झाली आणि मी बहिणीकडे राहायला गेलो.

पहिलीच संध्याकाळ. पाहुणे गाडीतून जनावरं बघायला गेलेले. चुलीजवळ मी, एस्नात, थेम्बी आणि नवा नावाडी झाकेयो.

अचानक पाणघोडे गप्प झाले...

सगळे. एकदम.

मग खालून आवाज आला...

टक. टक. टक.

घाटाच्या खुंटावर वल्ह्यानं तीनदा ठोकायचं, म्हणजे होडी तयार. ही मुटालेची खूण.

"झाकेयो, तू इथं. मग घाटावर कोण?" मी विचारलं.

"सर, होडी सकाळपासून उलटी घातलीय," तो पुटपुटला. "वल्हं हे इथं, भिंतीला."

मी पाहिलं. वल्ह्यावरून पाणी ठिबकत होतं...

"मामा, रोज वाजतं," थेम्बी म्हणाली. "वाजलं की आई नदीकडे चालायला लागते. काल गुडघाभर पाण्यात गेली होती."

मी वळलो.

एस्नात जागेवर नव्हती. डाव मातीत पडला होता.

ती उतारावरून चालली होती. "आले रे मुटाले, आले," ती गोड आवाजात म्हणत होती.

त्या पाण्यात मगरी आहेत, मुलांनो.

मी धावलो. झाकेयोही धावला. कमरेइतक्या पाण्यात आम्ही तिचे दोन्ही हात धरले. दोन धडधाकट पुरुष, पण ती हलेना. उलट आम्हीच आत चाललो होतो...

तेवढ्यात घाटावरून आवाज आला.

"ए माकडखाऊ!"

थेम्बी. एकटी, कमरेवर हात ठेवून.

"पोरी, गप!" झाकेयो ओरडला. "मेलेल्याला असं बोलतात?"

"त्यालाच बोलायचं असतं! मी न्गोनी आहे, माझा हक्क आहे." ती पाण्याकडे वळली. "काय रे मुटाले? नावाडी म्हणवतोस आणि साधी होडी सरळ ठेवता येत नाही? पाणघोडासुद्धा हसला असेल! आता माझी आई पाहिजे? का? खाली रांधायला तुझी माकडीण नाही का? सोड तिला, बुळ्या!"



सगळं शांत...

आणि मग पाण्यावर कुणीतरी हसलं. पोट धरून. मुटाले हसायचा तसं.

एस्नातचे हात सैल पडले. "दादा," ती दचकून म्हणाली, "आपण पाण्यात काय करतोय?"

आम्ही तिला वर आणलं, चुलीजवळ बसवलं. सुटलो असं वाटलं.

पण हसू थांबलं नव्हतं. ते घाट चढून येत होतं...

कोरड्या मातीत ओली पावलं उमटली. एक. मग दुसरं. मुटाले जिथं जेवायला बसायचा, त्या चटईपाशी येऊन थांबली.

हसू विरलं. चटईचा मधला भाग ओला झाला...

मी थेम्बीला मागं ओढलं. तिनं माझा हात झटकला. तांब्या घेतला, भांडं घेतलं आणि चटईसमोर जाऊन उभी राहिली.

"जेवून जा आणि परत येऊ नकोस. हात पुढे कर, माकडखाऊ."

तिनं तांब्या कलंडवला.

पाणी भांड्यात पडलं... पण जरा उशिरानं, मध्येच हवेत कुणाच्या तरी हातांवर थांबून.

थेम्बीनं तांब्या आणखी कलंडवला.