तीस दिवसांची मुदत

"हाई काय करी बठनी व तू, नूतन! त्या देवमाणूसनं काय वाईट करं व्हतं तुन्हं?"

मंगलाबाईंचा आवाज सुरतेजवळच्या कोसाडमधल्या त्या अरुंद गल्लीत असा काही घुमला, की समोरच्या इमारतीतल्या बायका कठड्यावर ओणवून खाली पाहू लागल्या. मेडिकलच्या काउंटरवर कागद पसरून बसलेल्या औषध खात्याच्या साहेबांचंही पेन क्षणभर थांबलं. नूतनने मान वर करून आईकडे पाहिलं… आईने छाती बडवली, कपाळावर हात मारला, पण लेकीच्या डोळ्याला डोळा मात्र दिला नाही. आणि त्या एका क्षणात नूतनला सगळं कळून चुकलं! आईला खरं काय ते ठाऊक होतं. ठाऊक असूनच ती ओरडत होती, आणि गल्लीला ऐकू जावं म्हणून ओरडत होती.

"बेन, पाछुं पूछुं छुं," साहेब म्हणाले, "ए दवा कोणे आपी?"

"मी दिली साहेब," नूतन पुन्हा म्हणाली. "भाऊ चहाला गेला होता. त्याला न विचारता दिली. तारीख आठवत नाही."

तिच्या पाठीमागे, गोळ्यांच्या रॅकला टेकून, तिचा धाकटा भाऊ चेतन उभा होता. त्याचा चेहरा धुतलेल्या कापडासारखा पांढरा पडला होता. साहेबांनी जबाब लिहिला, नूतनने खाली सही केली, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी, संन्याशाच्याच हस्ताक्षरात, पार पडली.

घडलं होतं ते एवढंच. शेजारच्या इमारतीतले भाऊराव बाबा, रेल्वेत गँगमन म्हणून हाडं झिजवलेले, संधिवाताने बोटं वाकडी झालेले. त्यांना डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट लिहून दिलं होतं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर औषधाचं विष होतं! नूतनला हे पक्कं माहीत, म्हणून ती बाबांना कधी पाकीट द्यायचीच नाही. दर रविवारी ते येणार, ती कात्रीने एकच गोळी कापून देणार, आणि तिच्यासमोर पाण्याबरोबर ती पोटात गेल्याशिवाय त्यांना सोडणार नाही. चेतन हसायचा, "एक-एक गोळी विकून मेडिकल चालतं का, ताई? टेन्शन कसलं घेतेस एवढं?" पण त्या एका रविवारी नूतन सुरतेत नव्हती. तिच्या जागी चेतन काउंटरवर होता, मंगलाबाई मदतीला स्टुलावर बसल्या होत्या, गिऱ्हाइकांची गर्दी होती, आणि चेतनने दहा गोळ्यांचं अख्खं पाकीट बाबांच्या हातात ठेवून वर पेनने लिहून दिलं, 'रोज एक, जेवणानंतर'. बिल केलं नाही. नवव्या दिवशी बाबांच्या तोंडात फोड, अंगात ताप, रक्तातल्या पेशी उतरलेल्या… त्यांना सिव्हिल हॉस्पिटलात नेलं तेव्हा ते शुद्धीत नव्हते. शुद्ध आल्यावर औषध कुणी दिलं असं विचारलं, तर त्यांनी काय सांगावं? "दुकानात दोघंही असतात. पोरीनेच दिली असेल. नेहमी तीच देते…"

डोळ्यांत मोतीबिंदू असलेल्या त्या भाबड्या माणसाचा विश्वासच नूतनच्या गळ्याचा फास झाला!

आणि त्या रविवारी नूतन होती कुठे? अहमदाबादेत. परीक्षा देत होती!

ही परीक्षा काय चीज होती ते समजायचं तर सतरा-अठरा वर्षं मागे जावं लागतं. पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये तिच्या वडिलांचा, शालिग्राम आबांचा, उजवा हात मशीनमध्ये सापडला, तेव्हा नूतन नुकतीच बारावी सायन्स चांगल्या गुणांनी पास झाली होती. डी. फार्मला जायचं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. पण घरात कमावता हात कुणाचा उरला होता? तिने फॉर्म भरला नाही. दिवसा एका मेडिकलवर नोकरी धरली, संध्याकाळी साड्यांवर टिकल्या चिकटवल्या, आणि चार वर्षांनी चेतन बारावी झाला तेव्हा तोच फॉर्म त्याच्या नावाने स्वतः भरून आली. चेतन फार्मासिस्ट झाला, रजिस्ट्रेशन झालं, त्याच्या नावाने लायसन्स मिळालं, दुकान उघडलं, लग्न झालं. आबा समाधानाने गेले. नूतनचं वय त्या घरात कुणी मोजलंच नाही, आणि तिनेही ते कधी कुणाला सांगितलं नाही.

पण माणसाच्या मनात एखादी गोष्ट राखेखालच्या निखाऱ्यासारखी धगधगत राहते… चौतिसाव्या वर्षी नूतनने पुन्हा कॉलेजात नाव घातलं! सोबतची पोरं तिला आधी 'मॅडम' म्हणाली आणि मग 'मासी', म्हणजे मावशी. दोन वर्षं ती सकाळी कॉलेजला गेली आणि दुपारनंतर भावाचं दुकान सांभाळलं. पुढे हॉस्पिटलच्या औषध विभागात पाचशे तासांचं प्रशिक्षण झालं. तिथल्या फार्मासिस्टची प्रत्येक पानावर सही लागते. ती तिने देवाच्या प्रसादासारखी दोन्ही हातांनी घेतली. शेवटची राहिली ती ही परीक्षा. ती पास झालं की फार्मसी कौन्सिलकडे अर्ज करायचा, कागद तपासले जायचे, आणि मग रजिस्टरमध्ये नाव चढायचं, स्वतःचं नाव! छत्तीस वर्षांत ज्या बाईच्या नावावर गॅसचं कनेक्शनसुद्धा नव्हतं, तिला एका सरकारी वहीत स्वतःचं नाव पाहायचं होतं. एवढीच तिची हाव. एवढ्याच हावेपायी सगळं रामायण!

तर मग तिने 'मी दिली' असं का म्हटलं? वेडी म्हणावी तिला. पण सांगते ऐका. त्या सकाळी साहेब येण्याआधी चेतनची बायको धनश्री, सातव्या महिन्याचं पोट सावरत, नूतनच्या पायाशी बसली होती. "ताई, यांचं रजिस्ट्रेशन गेलं तर दुकान जाईल. आम्ही कुठे जायचं?" त्या पोरीने दुसरं काही मागितलं नव्हतं. मागायची गरजही नव्हती… नूतन आयुष्यभर न मागताच देत आली होती. शिवाय, तिला वाटलं, मी साधी मदतनीस, मला ताकीद देतील आणि सोडून देतील.

साहेबांनी दुकानाला ताकीद दिली. नूतनचा जबाब मात्र त्यांनी कौन्सिलकडे धाडून दिला.

परीक्षेचा निकाल लागला, नूतन पास झाली. घरात पेढे आले नाहीत. अर्ज गेल्यावर तीन आठवड्यांनी रजिस्टर पोस्टाने लिफाफा आला. नोंदणीचा हक्क नसताना औषध दिल्याची कबुली तुमच्या सहीने आमच्याकडे आहे. अर्ज का नाकारू नये याचा लेखी खुलासा तीस दिवसांच्या आत करावा.

खुलासा! तो तर तिच्या पत्र्याच्या पेटीत, कपड्यांच्या तळाशी पडला होता. परीक्षेचं प्रवेशपत्र, त्यावर तिचा फोटो, त्या रविवारची तारीख, केंद्रावरचा शिक्का. तो एक कागद जोडला की ती निर्दोष होती. पण तो जोडला की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहत होता: मग दुकानात कोण होतं?

पत्र तिने चेतनला वाचून दाखवलं. स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती, तिलाही ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं. 'तीस दिवस' हे शब्द तर दोनदा वाचले. चेतन पुष्कळ वेळ मोबाइलच्या काळ्या पडद्याकडे पाहत राहिला, आणि म्हणाला, "जोईए, ताई, बघू… वकिलाला विचारतो." मंगलाबाईंची भाकरी तव्यावर करपली. त्यांनी ती उलटली आणि दुसरी थापायला घेतली.

नूतन वाट पाहू लागली. तिला भावाचं लायसन्स नको होतं, दुकान नको होतं. तिला फक्त एक शब्द हवा होता! आईने किंवा भावाने, दोघांपैकी कुणीही, एकदा जवळ येऊन म्हणावं, 'नूतन, तू बोल… आमचं काय व्हायचं ते होवो.' मग कदाचित ती बोललीही नसती. मग कदाचित तिने हसत हसत तो कागद चुलीत घातला असता. पण तो शब्द यायला हवा होता. दहा दिवस गेले. चेतन घरी उशिरा येऊ लागला, ताईशी नजर टाळून जेवू लागला. वीस दिवस गेले. मंगलाबाई देवाला फुलं जास्त वाहू लागल्या, आणि नूतनच्या ताटात न बोलता तुपाची धार जास्त सोडू लागल्या. नूतन ते तूप बोटाने ताटाच्या कडेला सारायची… आई ग, एवढं तूप वाढतेस, एक शब्द नाही का वाढता येत?

तिसावा दिवस आला आणि इतर दिवसांसारखाच गेला. संध्याकाळी तिने पेटीला कुलूप घातलं आणि साड्यांवर टिकल्या चिकटवायला बसली.

चौतिसाव्या दिवशी भाऊराव बाबा आले.

तीन आठवडे हॉस्पिटलात आणि नंतर लेकीकडे पडून राहिलेला तो माणूस निम्मा झाला होता. काठी टेकत, दर पायरीला दम घेत ते वर चढले. नूतनने धावत जाऊन हात दिला, खुर्चीवर बसवलं. मंगलाबाई दारातच खिळून उभ्या राहिल्या.

"पोरी," बाबा म्हणाले, "लोक सांगतात, तू या पापाच्या धास्तीनं दुकानावर येणं सोडलंस."

नूतनने पाण्याचा तांब्या त्यांच्याजवळ आणून ठेवला.

"ऐक माझं. चूक माणसाच्याच हातून होते. चार वर्षं तू मला जपलंस, एक दिवस चुकलीस. त्यात काय? मी तुला माफ केलं, बाळ… मनापासून केलं." आणि त्यांनी आपली वाकडी झालेली बोटं तिच्या डोक्यावर ठेवली.

न केलेल्या पापाची ती क्षमा! नूतनचा इतक्या दिवसांचा बांध फुटला. ती त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हुंदके देऊ लागली, आणि बाबांना वाटलं, पोरीला पश्चात्ताप होतो आहे.

"नही! दादा, नही!" मंगलाबाई एकदम किंचाळल्या. त्या भिंतीला धरून खाली बसल्या. "तिनी नही दिन्ही ती गोळी! मना चेतननी दिन्ही. मी तठेच बठेल व्हतू, मन्ह्या डोयासमोर दिन्ही! ही पोर तर गावले व्हती, परीक्षा देवाले… दादा, मी मन्ही पोर इकी टाकी!"

भाऊराव बाबांनी काठी जवळ ओढली. मग ते उठले. मंगलाबाईंकडे पाठ करून ते दाराकडे वळले. नूतनच्या डोक्यावरून मात्र त्यांनी पुन्हा एकदा हात फिरवला, आणि या वेळी तो हात माफी देणारा नव्हता, मागणारा होता.

चेतन दारात होता. दुपारच्या जेवणाला आला होता आणि सगळं ऐकून तिथेच थिजला होता. तो आत आला, ताईसमोर जमिनीवर बसला, आणि लहानपणी मार खाऊन रडायचा तसा ओठ काढून रडू लागला.

"ताई, मी उद्याच जातो कौन्सिलमध्ये. लिहून देतो सगळं. माझं जे व्हायचं ते होऊ दे!"

"मी बी येसू," मंगलाबाई पदराने तोंड पुसत म्हणाल्या. "मी सांगसू साहेबले. आते नही भिवाव मी कोनले."

नूतनने दोघांकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. पण तिथे फक्त एक विलक्षण थकवा होता.

"मुदत गेली," ती म्हणाली. "चार दिवसांपूर्वी. आज सकाळी फोन करून विचारलं मी, अर्ज नाकारलाय त्यांनी. आता तू लिहून दिलंस, चेतन, तर तुझं जाईल, आणि मी खोटा जबाब दिला म्हणून माझंही परत येणार नाही. दोघांचं कशाला घालवतोस? धनश्रीचे दिवस भरत आलेत. जा, जेवून घे."

"पन तू सांगं का नही, व माय?" मंगलाबाईंनी तिचे दोन्ही खांदे धरून हलवले. "तुन्हा जोडे, तुन्हा पेटीमा, तो परीक्षाना कागद व्हता! तीस दिवस तुन्हा जोडे कागद व्हता! माले वाटनं, तुले एखादं वरीस उशिरा भेटी… चेतननं तर समदंच गयं असतं. मी आडानी बाई, माले काय माहीत मुदत काय ऱ्हास! तू का बोलनी नही?"

"तू बोलशील म्हणून, आई."

मंगलाबाईंचे हात तिच्या खांद्यांवरून गळून पडले.

"रोज सकाळी वाटायचं, आज बोलशील. तिसाव्या दिवशी मी पोस्ट बंद होईपर्यंत तुझ्याकडे पाहत होते. तू शेंगा निवडत होतीस."

"माफ कर, पोरी… माफ कर माले!" त्या माउलीने लेकीच्या पायांवर डोकं टेकलं. नूतनने तिला उचलून जवळ घेतलं, तिचे पांढरे केस कानामागे सारले, आणि दोघी मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, चेतन शेजारी मान खाली घालून बसून राहिला.

"माफ तर मी तुला त्याच दिवशी केलं होतं, आई," नूतन हळूच म्हणाली. "साहेबांसमोर तू माझ्यावर ओरडलीस ना, तेव्हाच. तू मागायला उशीर केलास, एवढंच."