खरडच्या फ्लॅटची रजिस्ट्री

‘घर पाहावं बांधून’ असं म्हणणाऱ्या शहाण्यानं आयुष्यात कधी घर विकून पाहिलं नसावं. पाहिलं असतं, तर चिन्मयी अभ्यंकरसारखा तोही पंजाबातल्या खरडच्या तहसीलीतल्या बाकावर शालीत नाक खुपसून बसला असता, आणि कुणी नुसतं ‘नमस्ते जी’ म्हटलं तरी अंगावर धावून गेला असता.

डिसेंबर होता. दाट धुकं, त्यात बारीक पाऊस, आणि व्हरांड्यात ओल्या लोकरीचा वास. चिन्मयीचे बाबा शेजारच्या शहरात, सेक्टर एकोणचाळीसच्या सरकारी संस्थेत जन्मभर जिवाणूंच्या मागे लागले होते. निवृत्त झाल्यावर नाशिकला परतायचं सोडून त्यांनी इथेच, खरडला, फ्लॅट घेतला. आणि मग एका सकाळी पेपर वाचता वाचता ते गेलेच. आई नाशिकला दादाकडे राहायला गेली. मागे उरली सेक्टर चौतीसच्या क्लासमध्ये पोरांना बायॉलॉजी शिकवणारी चिन्मयी, आणि तो फ्लॅट.

फ्लॅट विकायचा, त्यातून आईनं नाशिकला स्वतःचं छोटं घर घ्यायचं आणि चिन्मयीनं तिच्याजवळ जाऊन राहायचं, असं ठरलं होतं. ठरवायला काय जातं! आधी वारसांची नावं लावा. आपल्याकडच्या फेरफाराला इथे इंतकाल म्हणतात. मग आईचं आणि दादाचं मुखत्यारपत्र मागवा. ते आलं, तर त्यात दादाचं नाव चुकलेलं. पाठवा परत! गिऱ्हाईकं येत, गॅलरीतून वाकून बघत, ‘सोचके बताते हैं जी’ म्हणत, आणि जी जात ती कायमचीच. चिन्मयी दमली होती. रात्रभर झोपून सकाळी उठावं तरी दमलेलीच, अशी दमली होती.

त्या दिवशी इंतकालाची नक्कल मिळायची होती. सर्वर बंद पडला.

“आई, सर्वर झोपलाय इथं,” बाकाच्या दुसऱ्या टोकाहून कुणीतरी फोनवर म्हणालं. “नाही गं, माणसं जागीच आहेत. सर्वर झोपलाय... होय, घातलाय की स्वेटर. दोन घातल्यात.”

चिन्मयीला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी फुटलं, त्यामुळे जरा मोठ्यानंच. त्या माणसानं मान वळवून पाहिलं. टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, नाक लाल, डोळे मात्र एकदम जागे.

“तुम्ही मराठी?”

“कसं कळलं?”

“इथं सर्वरवर कुणी हसत नाही ओ.”

तो गंधार मोहिते. कोल्हापूरचा, आणि बाबांच्याच संस्थेत नुकताच रुजू झालेला शास्त्रज्ञ. घर शोधत होता. पसंत केलेला फ्लॅट बिल्डरनं आधीच दुसऱ्याला विकला होता, हे त्याला त्याच सकाळी कळलं होतं.

“कंटाळलो,” तो म्हणाला. “घर नको, तंबू द्या म्हणतो आता.”

“तंबूला पण एनओसी लागते इथे.” मग जरा थांबून ती म्हणाली, “मी... विकतेय एक. फ्लॅट. तंबू नाही.”

“कागद आहेत?”

“कागदच कागद! भिंती दिसत नाहीत, यार.”

‘यार’ तोंडून गेलं आणि तिनं जीभ चावली. ती इथेच वाढली होती. तिच्या मराठीत हिंदी अशी मध्येच डोकवायची. पण त्याला ते आवडलेलं दिसलं.

रविवारी तो घर पाहायला आला. गॅलरीतून वाकला नाही. खिडकीशी बाबांची वेताची खुर्ची होती. तिला वळसा घालून तो भिंतीशी उभा राहिला.

“बसा की. खुर्चीच आहे,” चिन्मयी म्हणाली.

“कुणाची तरी आहे असं वाटलं.”

ती आत गेली आणि चहात दोनदा साखर घालून बसली. त्यानं तो गोड पाक मिटक्या मारत संपवला आणि म्हणाला, “घर पसंत आहे. चहाचं बघू पुढं.”

मग सुरू झाली वणवण. कधी नगरपालिकेत, कधी बँकेत, कधी वकिलाकडे. गंधारला पंजाबी कळत नव्हती, म्हणून चिन्मयी बोलायची. चिन्मयीला चार वाजेपर्यंत भूक लागल्याचं कळायचं नाही, म्हणून गंधार शेंगदाणे घेऊन यायचा. रांगेत उभ्या उभ्या तो सोलून तिच्या तळहातावर दाणे ठेवायचा. बोटं लागायची. दोघंही तिसरीकडेच बघायचे.

“उद्या परत यायला सांगितलंय,” ती वैतागून म्हणायची.

“अरे वा.”

“अरे वा काय? सुट्टी घ्यावी लागते मला!”

“मलाही लागते. तरी अरे वा.”

‘अहो’चं ‘अरे’ कधी झालं, कुणी लक्षात ठेवलं नाही. मात्र एक गोष्ट चिन्मयीच्या पक्की लक्षात होती. जो कागद पुरा होई, तो त्यांची एक भेट कमी करी. रजिस्ट्री झाली की आईला घर, आणि तिला नाशिकची गाडी. ज्या दिवसाची ती आस लावून बसली होती, तोच दिवस आता नको झाला होता. हे सांगायचं कुणाला?

खरेदीखत लिहायला घेतलं चढ्ढाजींनी. तहसीलीबाहेर टेबल मांडून बसणारे, अघळपघळ गृहस्थ. खत पंजाबीत. मसुदा हाती आला तेव्हा गंधारनं तो उलटा धरला, सुलटा धरला आणि चिन्मयीकडे दिला.

“मला ही अक्षरं म्हणजे नुसती नक्षी. तू वाच. सगळं बरोबर आहे?”

चिन्मयी सकाळी चार तास शिकवून आली होती. डोळे मिटत होते. शिवाय तो इतका जवळ उभा होता की त्याच्या मफलरातला धुराचा वास येत होता. तिनं फ्लॅटचा नंबर पाहिला, चतुःसीमा पाहिल्या, आणि म्हणाली, “पक्का.”

जानेवारीत, लोहडीच्या सणाच्या आदल्या दिवशी, दोघं तहसीलीतल्या खिडकीशी उभे राहिले. आतला कारकून मोठ्यानं वाचू लागला आणि वाचता वाचता थांबला. चष्म्यावरून त्यानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

“पत्नी बेच रही है, पती खरीद रहा है?”

“कौन पत्नी?” चिन्मयीनं विचारलं.

“आप, जी. लिखा है. चिन्मयी, पत्नी गंधार मोहिते.”

चढ्ढाजींना बोलावणं गेलं. ते हात जोडतच आले. त्यांचं म्हणणं, इतके दिवस दोघं जोडीनं यायचे, आपल्या बोलीत भांडायचे, एकमेकांना शेंगदाणे भरवायचे. घरातल्या घरात नावावर करतात लोक, म्हटलं तसंच असेल! “गलती हो गई जी. पर देखने में तो...”

“देखने में क्या?” चिन्मयी कडाडली.

खत परत. नवी तारीख महिनाअखेरची.

व्हरांड्यात पाऊस तिरका आत येत होता. चिन्मयी खांबाला टेकली. गंधारच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, आणि तिनं ते पाहिलं.

“तुला हसू येतंय?”

“चूक तशी वाईट नव्हती, म्हणून...”

“माझी चूक होती ती! मी वाचलंच नाही. आई दादाच्या हॉलमध्ये सोफ्यावर झोपते, माहितीये? रात्री पाहुणे बसले की पेंगत बसते बिचारी. रोज विचारते, झालं का गं? आणि मी...” तिनं शालीचं टोक डोळ्यांना लावलं. “मी थकलेय, गंधार. मला हे संपवायचंय. आणि संपलं की तू भेटणार नाहीस, म्हणून संपवायचं पण नाहीये. आता बोल.”

तो घाईघाईनं, अगदी मनापासून, पण चुकीचंच बोलला.

“मग मी घेतच नाही हे घर. राहा तू इथंच.”

“आणि आई?” डोळे पुसून ती सरळ उभी राहिली. “वा! सोफ्यावरच झोपू दे तिला, नाही का? तू पण बाकीच्यांसारखाच निघालास.”

ती भिजत निघून गेली. त्यानंतर फोन नाही, शेंगदाणे नाहीत. ‘तारखेला येतोय. घर घेतोय,’ एवढाच त्याचा निरोप आला. तिनं ‘ठीक’ असं उत्तर दिलं, सामान बांधलं आणि शनिवारच्या गाडीचं तिकीट काढलं.

महिनाअखेरीला ती आली ती दुपट्ट्यात तोंड लपवून. त्याचाही चेहरा उतरला होता. दोघांनी एकमेकांना ‘या’, ‘बसा’ केलं. परक्यासारखं. चिन्मयीनं या खेपेला खताची ओळ न् ओळ वाचली. कुठेच चूक नव्हती. इतकं वाईट वाटलं तिला!

आत साहेबांच्या टेबलासमोर दोघं उभे राहिले. मागे साक्षीदार, बाजूला चढ्ढाजी, आणि दारात पुढच्यांची गर्दी.

“बेटा जी, अपनी मर्जी से बेच रहे हो? कोई जोर-दबाव तो नहीं?” साहेबांनी विचारलं. ते सगळ्यांनाच विचारतात.

“हां जी.” तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. “कोई दबाव नहीं.”

“और आप? खरीदने को राजी हो?”

गंधारनं पेन हातात घेतलं. साहेबांनी मान वर केली. तेव्हा तो तिच्याकडे वळला आणि भर कचेरीत, कुणालाही कळणार नाही अशा आपल्या भाषेत म्हणाला:

“चिन्मयी, त्या दिवशी मी मूर्खासारखा बोललो. घर मी घेतोय. तू नाही म्हणालीस तरी घेतोय, आत्ता सही करतो, भिऊ नकोस. आईंना त्यांचं घर मिळू दे. तू जा, ते लावून दे, हवे तितके दिवस राहा त्यांच्याजवळ. पण मग... परत येशील? लग्न करशील माझ्याशी?”

आणि त्यानं वाकून सही करून टाकली.

“क्या कह रहे हैं ये?” साहेबांनी चिन्मयीला विचारलं. “कोई एतराज है?”

‘राजी हैं, जी’ म्हणून वेळ मारून नेता आली असती. कुणाच्या बापाला कळलं असतं? पण खोटं बोलायलाही अंगात जीव लागतो, आणि तो तिच्यात उरला नव्हता. तिनं दुपट्टा तोंडावरून काढला.

“जनाब, मकान के लिए तो ये राजी हैं,” ती म्हणाली. “मुझसे पूछ रहे हैं, शादी करोगी क्या.”

चढ्ढाजींनी दोन्ही हात गालांवर ठेवले. गंधार कानापर्यंत लाल झाला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि दाराकडे बोट केलं.

“तो जवाब दो, बेटा जी. लाइन लंबी है.”

चिन्मयीनं गंधारकडे पाहिलं. किती दिवसांनी तिचे खांदे सैल पडले होते.

“हां जी,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “इसके लिए भी कोई दबाव नहीं.”

दारातल्या गर्दीत कुणीतरी टाळी वाजवली. कारकुनानं दोघांना फोटोसाठी जवळजवळ उभं केलं. “कॅमेरे की तरफ देखो जी,” तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, आणि शेवटी कंटाळून त्यानं तसाच फोटो काढला.